मुळ्याच्या खेळाची कॅसेट

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे, आणि मी खरी आहे. हे आधीच सांगते, कारण ओसाकातल्या निप्पोनबाशीच्या बाजारात सात वर्षे मला कोणी खरी मानले नाही.

माझा खेळ जरा विचित्रच. त्यात एक मुळा अंघोळीसाठी सार्वजनिक स्नानगृहे शोधत हिंडतो आणि लोणचेवाली म्हातारी त्याच्या मागे लागते. चार जणांनी मला नूडल्सच्या दुकानावरच्या एका खोलीत घडवले. त्यांतल्या हात्सुए मिनोबेने माझ्या पोटातली चुकलेली जोडणी हिरव्या तारेने, स्वतः सोल्डरचा डाग देऊन दुरुस्त केली. आम्ही जेमतेम साठ कॅसेटी निघालो आणि कंपनी बंद पडली.

पुढे मी नेमोतो नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात काचेच्या कपाटात मानाने बसले. एके दिवशी सागारा आला. अशा चमत्कारिक खेळांवर तो झेरॉक्सचे मासिक काढी आणि बाजारात त्याचा शब्द चाले. बनावट मालाचा तेव्हा सुळसुळाट होता. त्याने माझे स्क्रू काढले, तार पाहिली आणि नाक मुरडले.

"काका, कारखान्यातला माल असा असतो होय? कुणीतरी घरी बसून केलेला उद्योग आहे हा. की तुम्हीच केलात?"

"मी? चाळीस वर्षं दुकान चालवतोय मी!"

पण मासिकात छापून आले. गिऱ्हाइके नेमोतोकडे तिरक्या नजरेने बघू लागली. त्याने मला 'बनावट' अशी चिठ्ठी लावून भंगाराच्या टोपलीत टाकले. हळूहळू माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

सात वर्षांनी टोपलीत एका बाईचा हात आला.

"अगं बाई, ही तर आमची!"

हात्सुएच ती! केस पिकले होते. नेमका सागारा तिथेच होता.

"आमची म्हणजे? असं सांगणारे तिघे भेटलेत मला, मावशी."

"आत हिरवी तार आहे ना? ती मी लावली."

"ते मासिकात आलंय. कुणीही सांगेल."

"मग हे आलंय का? तिसऱ्या स्नानगृहात मुळ्याला मिनिटभर नुसता बसू दे. बटणाला हात लावू नकोस."

नेमोतोने मला यंत्रात खोचले. मुळा पाण्यात बसला. मिनिट सरत आले, काहीच घडेना. सागारा हसू लागला, तोच मुळ्याने डोक्यावरची पाने टोपीसारखी काढली, वाकून नमस्कार केला आणि पडद्यावर चार नावे उमटली. दुसरे हात्सुए मिनोबेचे. तिने ओळख पटवायला आपले नाव असलेले विम्याचे कार्ड काढून त्याच्या शेजारी धरले. सागाराने अक्षरे दोनदा ताडून पाहिली. मग तो नेमोतोपुढे वाकला.

"चुकलं माझं, काका."

"सात वर्षं लागली रे तुला," नेमोतो म्हणाला आणि त्याने मला हात्सुएच्या हाती दिले.

तिच्या घरी यंत्र नाही. रविवारी सागारा काखेत आपले यंत्र घेऊन येतो. अजूनही आधी माझे स्क्रू तपासतो! तपासा, मित्रांनो, खुशाल तपासा. पण तपासून झाले की खेळाही. न खेळलेली कॅसेट खरी काय नि खोटी काय, नुसते प्लास्टिकच.