बाळाच्या ओठाचा थेंब

विहिरीत तीन मासे उलटे तरंगत होते. ऊन अजून पाण्यापर्यंत उतरलं नव्हतं, तरी त्यांची पांढरी पोटं खालून डोळ्यात भरत होती. वंदना कठड्यावरून मागे सरली. छातीवर हात ठेवून उभी राहिली आणि पुन्हा वाकली. आता पाच दिसले.

हे मासे तिच्या नवऱ्यानं, दिगंबरनं दोन वर्षांमागे हौसेनं सोडले होते. रोज सकाळी ती भाकरीचा तुकडा टाकायची आणि पाणी कसं उकळल्यासारखं हलायचं. आज तिने तुकडा टाकला, तर तो भिजून भिजून नुसता बुडाला.

आणि आज, याच विहिरीवर, तिची सून मृणाल पूजेला यायची होती. बाळाला सव्वा महिना झाला होता. तुकईथडच्या या घरात बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पुजते, कुंकू-हळद वाहते, आपल्या हातानं पाणी ओढते आणि त्याच पाण्याचा पहिला थेंब बाळाच्या ओठाला लावते. वंदनेनं हर्षलच्या ओठाला इथंच थेंब लावला होता. तोच हर्षल आता बाप झाला होता.

काय झालं ते वंदनेला माहीत होतं, आणि एकट्या तिलाच माहीत होतं.

काल दुपारी केळीला ठिबकमधून युरिया आणि मुळाच्या किडीचं औषध सोडायचं होतं. ते काम नेहमी तीच करायची. निळ्या ड्रममध्ये कालवायचं, ड्रमची नळी पाइपाला जोडायची, मोटार चालू करायची, नळीचा कॉक उघडायचा. पाइपातलं पाणीच औषध ओढून घेतं आणि झाडाच्या बुडाशी नेऊन ठेवतं. एकच नेम असतो, लाईट गेली की आधी कॉक बंद. कारण मोटार थांबली की पाइपातलं पाणी उलटं विहिरीत उतरतं आणि जाता जाता ड्रमही ओढत नेतं. ते अडवायला पाइपावर चेकवॉल असतो. पण शेवटच्या ओळींना पाणी जोरात पोचत नाही म्हणून दिगंबरने तो दिवाळीतच काढून शेडच्या खुंटीला टांगला होता. विहिरीत बुडालेल्या पाइपाच्या टोकाचा फुटवॉल तर कधीचाच गळका.

काल लाईट गेली, तेव्हा ती घरात होती. पूजेच्या लाडवांसाठी चुलीवर शेंगदाणे भाजत होती. पंखा थांबलेला तिनं पाहिला. दाणे करपतील म्हणून उठली नाही. एवढंच. दाणे उतरवून ती मळ्यात पोचली, तोवर ड्रम रिकामा होता आणि पाइपाच्या पोटात घशात पाणी अडकल्यासारखा आवाज येत होता. गुळ, गुळ, गुळ.

विहीर मोठी आहे, असं तिनं मनाला समजावलं. एवढ्याशानं काय होतं? मन समजलंही. आज माशांनी ते समाधान पुसून टाकलं.

ती घरी धावली. पितळी तांब्यात गावच्या नळाचं पाणी भरलं आणि पदराखाली घेऊन परत आली. गर्दीत तांब्या बदलून टाकू. कोणाला कळणार? पूजाही होईल, बोलणंही लागणार नाही.

दहाच्या सुमाराला बाया आल्या. पुढे मालूबाई. नाल्याच्या खालच्या वस्तीवर राहणारी, बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी, गावभर गाणी म्हणणारी. तिच्यामागे मृणाल, डोक्यावरून पदर, कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं पोर.

"काय गं वंदनावहिनी, चेहरा असा का? नातू तुझा, बाळंतीण ती, आणि कळा तुलाच?" मालूबाई हसली. बाया खिदळल्या.

"झोप नाही झाली," वंदना म्हणाली.

"आजी झाली म्हणजे झोप गेलीच समज!"

मालूबाईनं कठड्याला हळदीची पाच बोटं उठवली आणि गळा मोकळा केला.

विहिरीबाई सखे, तुझ्या काठी दिवा लावू,
लेकराच्या ओठी, थेंब पहिला गं ठेवू.

मासे आता कपारीकडे सरकले होते, वरून दिसत नव्हते. वंदना पदराखालचा तांब्या घट्ट धरून मृणालच्या शेजारी सरकली. मृणालनं दोर सोडला, बादली वर आली. वंदनेनं तांब्या पुढे केला. "हे घे, भरलेलाच आहे."

"अगं, भरलेला कसा?" मालूबाईनं तांब्या तिच्या हातातून काढून घेतला आणि सगळं पाणी दगडावर ओतून दिलं. "विहीर पुजायची न् घरून आणलेलं पाणी? मृणाल, बादलीत बोट बुडव बेटा. आधी बाळाला, मग आम्हा सगळ्यांच्या ओंजळीत."

मृणालनं बोट बुडवलं. बोटाच्या टोकाला थेंब लोंबत होता. बाळानं वास लागल्यासारखं तोंड उघडलं.

"नको!"

वंदनेनं सुनेचा हात असा झटकला की बांगड्या कठड्यावर आपटून फुटल्या. बाळ किंचाळलं.

"मम्मी!" मृणालचे डोळे विस्फारले. "काय झालं?"

"बोट धू. आधी बोट धू. विहिरीत औषध गेलंय." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेना. लाईट, दाणे, ड्रम, मासे. "मीच. माझ्याच हातानं."

एका बाईनं पुढे केलेली ओंजळ मागे घेतली. मृणालनं बाळ छातीशी दाबून धरलं आणि ती दोन पावलं मागे गेली. सासूपासून मागे गेली, हे वंदनेनं पाहिलं.

आरडाओरडा ऐकून दिगंबर आणि हर्षल शेडमधून आले. दिगंबरनं विहिरीत पाहिलं, पार वाकून कपारीतला मासा पाहिला आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"कालच का नाही बोललीस?"

"वॉल कोणी काढला होता?" ती म्हणाली.

दिगंबर कामाला लागला. "हर्षल, मोठा पाइप लाव. पूरी विहीर नाल्यात उपसून टाकू. उद्यापर्यंत नवं पाणी येईल, विषय खतम."

हर्षल पाइप ओढत निघाला. मालूबाई तिथंच उभी होती, हातात रिकामा तांब्या.

"नाल्यात?" ती म्हणाली. "भाऊ, नाल्यात आमचे झिरे आहेत."

फाल्गुनात नाला आटला की खालच्या वस्तीच्या बाया वाळूत हातभर खड्डा खणतात. त्यात झिरपून येणारं पाणी वाटीवाटीनं भरतात. तेच पितात. त्याखाली नाला ताप्तीला मिळतो.

"पप्पा, थांबा," हर्षल म्हणाला. "औषध केळीसाठीच होतं ना? मग केळीलाच देऊ. आधी वॉल बसवतो. मग थोडं थोडं, दिवसात तासभर. नाल्याकडच्या ओळी सोडून."

"महिना लागेल."

"लागू दे. तोवर इथलं कोणी पिणार नाही."

दिगंबरनं शेडच्या खुंटीवरचा वॉल काढला, त्यावरची धूळ धोतराला पुसली आणि पान्हा मागितला. काढताना जो वॉल दोन मिनिटांत निघाला होता, तो बसवताना त्यानं प्रत्येक आटा दोनदा आवळला. मग हर्षलनं मोटार चालू करून पाणी केळीकडे सोडलं.

"पण बाळाचा थेंब राहू नये गं," मालूबाई म्हणाली. "अपशकुन होतो. माझ्या झिऱ्याचं आणते. हे काय, इथंच आहे."

ती गेली आणि लगेच आलीही. तांब्यातलं पाणी काचेसारखं होतं, तळ दिसत होता. तिनं ते मृणालपुढे धरलं. मृणालनं मात्र तांब्याकडे न पाहता सासूकडे पाहिलं. आता सासूनं हो म्हटल्याशिवाय ती बोट बुडवणार नव्हती.

वंदना तांब्याच्या तळाकडे पाहत राहिली. दरवर्षी आषाढात, ढग भरून आले की ती आणि दिगंबर घाईघाईनं युरिया फेकायचे, पावसानं मुरेल म्हणून. पाऊस जोराचा आला की बांधावरून फेसाळ पाणी नाल्याकडे धावायचं. तेव्हा ती म्हणायची, वाहून गेलं बाई सगळं. कुठे गेलं, ते कधी मनात आलं नव्हतं. आणि किडीचं औषध? ड्रम तर ती दरवेळी नाल्याच्या काठावरच धुवायची.

तिनं मान हलवली. नको.

मालूबाईचं हसू ओठावरच राहिलं. "माझ्याही झिऱ्याचं नको?"

वंदनेनं पुन्हा मान हलवली.

"मग आम्ही काय पितो गं वहिनी, इतकी वर्षं?"

आंब्यात कोकिळा ओरडत होती. मालूबाईनं सवयीनं तांब्या आपल्याच तोंडाकडे नेला. उन्हातून आली होती, घसा सुकला होता. वंदनेनं झेप घेऊन दोन्ही हातांनी तो धरला. दोघी बाया एका तांब्याला धरून उभ्या राहिल्या, कोणी सोडेना.

"घरी चल," वंदना म्हणाली. "नळाचं पाणी देते. वस्तीवरच्या सगळ्यांना बोलाव. आजपासून आमच्या नळावर भरा. झिऱ्याचं पाणी मी स्वतः बुऱ्हानपूरला तपासायला नेते. आणि नाल्याकडच्या ओळींना आता खताचा कण नाही. तिथं गवत वाढू दे."

"आणि तपासात वाईट निघालं तर?"

वंदनेनं तांब्या आपल्याकडे ओढला.

तेवढ्यात मोटारीचा आवाज एकदम थांबला. लाईट गेली होती. वंदना तांब्या सोडून धावली. पायात काटे, डोळ्यांत पाणी, मागून बाळाचं रडणं. ड्रम तर काल दुपारपासून रिकामाच होता, हे तिला माहीत होतं. तरी तिनं कॉक घट्ट पिळला आणि पाइपाला कान लावून बसली.

नव्यानं बसवलेला वॉल गच्च मिटला होता. पाइप गप्प होता. तरी किती तरी वेळ ती कान उचलायला धजली नाही.