रिकामं पिस्तूल

भावोजींच्या गळ्याला सुरा लागला होता, हे काही ती विसरली नव्हती. भरदिवसा दोघं जण त्यांच्या औषधांच्या दुकानात शिरले, गल्ला उचलून गेले, आणि तेव्हापासून तिचा हा धाकटा दीर झोपेतही दचकायचा. म्हणून भावोजींनी रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं. आता ते घरात ठेवायचं, तर ती काही केल्या हो म्हणेना.

"घरात लहान मूल आहे," ती म्हणे.

"म्हणून तर ठेवायचं," भावोजी म्हणत.

"माझ्याकडे बघू नका," नवरा म्हणाला. "मला या घरात विचारतं कोण?"

"वहिनी झुरळालासुद्धा भितात. पिस्तुलाला भिणारच."

"झुरळानं अजून कोणाचा जीव घेतलेला नाही, भावोजी."

"परवान्यासाठी मी चपला झिजवल्या. त्या सुरेवाल्याला कोणी परवाना विचारला? जगायचा हक्क फक्त त्यालाच का?" बोलण्याच्या भरात त्यांनी पिस्तुलाचा वरचा भाग खसकन मागे ओढून सोडला, मग गोळ्यांची मॅगझिन काढून टेबलावर ठेवली. "हे बघा, रिकामं. एकदा हातात धरा. खटका ओढा, नुसतं टक् वाजेल. निम्मी भीती तिथंच जाते."

वाटलं होतं त्याहून ते जड निघालं. तिनं नळी आधी नवऱ्यापासून वळवली, मग भावोजींपासून. माणसावर नको म्हणून जपून, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे. आणि खटका ओढला.

टक् वाजलं नाही.

कानठळ्या बसल्या. भिंतीला भोक पडलं होतं. ती त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग तिला आठवलं, पलीकडच्या खोलीत तिची चिमणी झोपली आहे.

भावोजींनी पिस्तूल हिसकावून घेतलं, तोवर ती धावली होती.

लेक पलंगावर उठून बसली होती. केसांत चुन्याची भुकटी, आणि रडायचंही भान नाही. डोक्याच्या वीतभर वर त्याच पातळ भिंतीला दुसरं भोक. तिनं लेकीचा गळा चाचपला, काखा, पाठ, तळवे. फ्रॉक काढून पुन्हा सगळं पाहिलं. कुठं ओरखडाही नव्हता. तेव्हा कुठं ती खाली बसली.

भावोजी दारात पांढरेफटक उभे. "आधी मॅगझिन काढायची, मग वरचा भाग ओढायचा," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले. "मी उलटं केलं. ओढलं तेव्हा गोळी आत चढली. नळी रिकामीच होती, वहिनी. मीच भरली."

"कोणी आवाज केला?" चिमणीनं विचारलं.

"मी," भावोजी म्हणाले.

"मी केला," ती म्हणाली.

नवरा लेकीच्या केसांतली भुकटी झटकू लागला.

"पुन्हा नाही होणार असं. शंभरदा तपासेन," भावोजी म्हणाले.

"तुम्ही धांदरट असता, तर म्हटलं असतं, जरा जपून वागा. पण थेंब मोजून औषध देणारे तुम्ही. तुमच्याहून जपून कोण वागणार, भावोजी? म्हणूनच नको."

"आणि उद्या परत कोणी सुरा लावला तर?"

"घरात नको," ती म्हणाली. लेकीला तिनं डाव्या हातानं पोटाशी धरलं होतं. खटका ओढलेला उजवा हात काही लेकीला लावावासा वाटेना.