कालव्याच्या तोंडावरचा फळा

मी फळा बोलतोय. कमरेपर्यंत पाण्यात उभा आहे, त्यामुळे आवाज जरा बसलेला वाटेल. सांभाळून घ्या.

जन्मानं मी दार. वेल्समधून माणसं घेऊन आलेल्या एका बोटीच्या खोलीचं. बोट किनाऱ्यावर फुटली, माणसं वाचली आणि मी वाळूत पडून राहिलो. वेल्सपासून अख्खा महासागर दूर असलेल्या चुबुत नदीच्या या खोऱ्यात वाळुंजाची झाडं आहेत, पण सगळी वाकडीतिकडी, त्यांची रुंद फळी काही निघत नाही. म्हणून हेझेकाया काकांनी मला पाठीवर घालून आणलं.

काका म्हणजे बोटीतल्या माणसांनी इथं वसवलेल्या वसाहतीचे पुढारी. रविवारी उपदेश तेच करायचे, आठवडाभर शाळाही तेच घ्यायचे. स्वतःच्या घरावर छप्पर नव्हतं, पण शाळा आधी. चरबीत काजळी खलून त्यांनी मला काळं केलं. मुलं गव्हाच्या रिकाम्या पोत्यांवर बसायची, पाटी म्हणून मांडीवर चपटे दगड घ्यायची. खडू कुठला? टेकडीवरच्या पांढऱ्या मातीचे खडे. त्यांची चिमुकली, मळकी बोटं माझ्या अंगावरून फिरायची. खोटं कशाला बोलू, त्या बोटांची मला अजून आठवण येते.

त्या मुलांत एक मोठी बाई बसायची. तिचं नाव बेटसन.

"मावशी, दगड उलटा धरलाय," पोरं चिडवायची.

"तुझ्याएवढी होईन तेव्हा सुलटा धरीन," ती म्हणायची आणि पुन्हा खाली मान घालायची.

बोट सुटायच्या वेळी तिच्या नऊ वर्षांच्या इद्वालला गोवर आला होता. त्याला आजीपाशी ठेवून ती नवऱ्याबरोबर निघाली. नवरा पहिल्याच हिवाळ्यात गेला. आता जीव सगळा त्या पोरात.

पण ती लिहायला शिकत होती त्याला कारण वेगळं होतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांची गावाकडची पत्रं काका लिहायचे, आणि प्रत्येक पत्रात इथं सगळं उत्तम असायचं. आणखी माणसं आली नाहीत तर वसाहत टिकणार नाही, ही त्यांची काळजी. खरं तर त्या वर्षी इथल्या मूळच्या तेवेल्चे लोकांनी शिकारीतलं मांस दिलं नसतं तर निम्मी माणसं उपाशी मेली असती. आणि बेटसनच्या नावानं पत्र गेलं होतं, की पोराला पाठवा, इथं कशाला तोटा नाही.

हिवाळाभर ती शिकली. एका दुपारी मुलं गेल्यावर तिनं माझ्यावर लिहिलं, "इद्वाल, अजून येऊ नकोस. इथं पोटभर मिळत नाही. गहू पिकला की मीच बोलावीन."

तेवढ्यात काका आले, बरोबर दोन गडी. शेतात पाणी घ्यायला कालवा खणला होता, त्याच्या तोंडाशी पाणी अडवायला रुंद फळी हवी होती. खोऱ्यात तशी मी एकच. काकांनी वाचलं.

"हे बोटीनं गेलं तर इथं कोण येईल, बेटसन?"

"माझा पोरगा येणार नाही, एवढं मला पुरे. तुमच्या पत्रावर तो आला असता, काका. आणि मी त्याला काय घातलं असतं खायला?"

काकांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढे धरला. "आधी उतरवून घे. मग फळा नेतो." तिचं होईपर्यंत ते फावडं धरून उभे राहिले.

मी कालव्यात उतरलो. पहिल्याच पाण्यात ती अक्षरं विरघळून गेली. पण पाणी मी नेमानं अडवलं, नेमानं सोडलं. दोन वर्षांनी गहू उभा राहिला आणि बेटसननं पत्र धाडलं, "आता ये."

त्यानंतरच्या काही वर्षांत तीन बोटी आल्या. इद्वाल कुठल्याच बोटीत नव्हता. चौथीबरोबर त्याचं पत्र आलं. ती इथंच, माझ्या शेजारी काठावर बसून वाचत होती. मला अक्षरं येतात. 'आजीला दिसत नाही, तिला टाकून मी येणार नाही. मी खाणीत कामाला लागलो. तुझा चेहरा मला आठवत नाही, आई.'

काका पाणी बघायला आले. आता पाठीत वाकलेत. तिनं कागद त्यांच्यापुढे धरला.

"वाचून दाखवा."

"तुला येतं की वाचता."

"तुमच्यासारखं नाही येत."

काकांनी चष्मा लावला. ओळीवरून नजर फिरवली. मग घसा खाकरून वाचू लागले, "प्रिय आई, मी निघतोय. गहू कापायच्या आधी पोचेन. तुला बघायला जीव लागून राहिलाय."

ती ऐकत राहिली.

"पुन्हा वाचा."

"प्रिय आई, मी निघतोय. गहू कापून झाला की..."

"आधी," ती म्हणाली. "मघाशी आधी होतं."

"हो, आधीच आहे," काका म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.