दोन रेघा आणि दादाचा शर्ट

"दादाले दोन दिवस आधी तपासलं असतं, तर तो वाचला असता काय?"

हा प्रश्न अनुपनं डॉक्टरला विचारला, सरपंचाला विचारला, वैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवून नदीलाही विचारला. शेवटी त्यानं तो मला विचारला. मी कोरोना तपासायची घरगुती किट बोलतेय. बोलायला मला दोनच रेघा दिल्या आहेत आणि हा प्रश्न त्यांत बसत नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. एक पट्टी, औषधाची एक नळी, कापसाची एक काडी आणि मुंगीच्या अक्षरांचा एक कागद, एवढाच माझा संसार. आपलं सगळं काम माणसाच्या नाकात, हे कळलं तेव्हा मी जरा हिरमुसले होते. मग म्हटलं, असू दे. माणसं नाकाला जेवढी जपतात, तेवढी पोटालाही जपत नाहीत.

जानेवारीत मी भंडाऱ्याच्या एका औषधाच्या दुकानात येऊन पडले. तिसरी लाट गावोगाव फिरत होती. पण गंमत अशी, की दुकानात येणारा एकही माणूस स्वतःसाठी किट मागत नसे. "शेजाऱ्याले पायजे," असं हळूच म्हणायचा. थोड्या वेळानं तो शेजारीही यायचा, आणि त्यालाही शेजाऱ्यासाठीच पाहिजे असायची. मग किट बिस्किटाच्या पुड्याखाली दडवून, चोरीचा माल न्यावा तशी न्यायचे.

अनुप आला तो मात्र ओरडतच.

"ओ ताई, कोरोनाची किट द्या! नाकाडोंगरीत नाही, तुमसरात नाही. इथं हे चौथं दुकान हाय!"

रांग झटकन दोन हात मागे सरकली. गल्ल्यामागच्या उर्वशीताई म्हणाल्या, "हळू बोल ना गा, बापा. कोणाले ताप आहे?"

"कोणालेच नाही. माह्या दादाचं पोरगं दहा दिवसाचं झालं. परवा बारसं हाय आंबागडले, वहिनीच्या माहेरी. मायले ठसका लागून राहिला. तपासल्याबिगर पोराले हात लावायचा नाही म्हणून तिकडच्यांनी सांगितलं."

"मग दादाले पाठवायचं ना. तू काहून एवढा धावून राहिला?"

अनुपनं नोटा गल्ल्यावर ठेवल्या. मग म्हणाला, "दादा मेला, ताई. उन्हाळ्यात. रिपोर्ट आला तवा त्याले जाळून दोन दिवस झाले होते."

उर्वशीताईंनी खालचा खण उघडला. त्यांनी मला घरच्यांसाठी बाजूला ठेवलं होतं. "एकच उरली," त्या म्हणाल्या. "नीट वापर. एक काडी, एक माणूस. पंधरा मिनिटांनी पाह्यजो."

अनुपनं मला घरी नेलं आणि खिळ्यावर टांगलेल्या चौकड्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. तो दादाचा, योगेंद्रचा शर्ट. नऊ महिन्यांत अनुपनं त्याला पाणी लागू दिलं नव्हतं. त्या खिशात मला गाडीच्या तेलाचा, घामाचा, तंबाखूचा वास आला. येता-जाता अनुप त्यात नाक खुपसायचा. लहान पोर आईच्या पदरात खुपसतं, तसं.

त्याची आई गोदावरीबाई चुलीपाशी बारशाच्या मसाल्यासाठी मिरच्या भाजत होती. ठसक्याचं कारण तिथंच तडतडत होतं, पण माझं कोण ऐकतो!

"अनुप्या, तो शर्ट दे रे," ती म्हणाली. "बापाच्या कपड्यात गुंडाळल्याबिगर पोराचं नाव ठेवत नाही आपल्यात."

"धोतर ने. चादर ने. शर्टाले हात लावू नोको, माय."

"धोतर तुह्या बापाचं हाय, त्याच्या बापाचं नाही."

अनुपनं मला खिशातून काढलं आणि कागद उलगडला. अक्षरं इंग्रजी आणि शाळा सातवीतच सुटलेली, त्यामुळे तो चित्रंच बघत होता. काडी बघून गोदावरीबाई भिंतीला टेकली.

"एवढी लांब! डोस्क्यात जाईन ना माह्या!"

आता या घरातली एक रीत सांगते. लहानपणी अनुप कडू औषध पाहिलं की पळायचा. तेव्हा दादा पहिला घोट स्वतः घ्यायचा, तोंड वाकडं न करता जीभ काढून दाखवायचा, मग अनुप प्यायचा. ती रीत अनुपच्या हातात शिरली होती.

"काही होत नाही, माय. हे पाह्य." असं म्हणून त्यानं काडी स्वतःच्याच नाकात घातली, दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवली आणि हसत बाहेर काढली. "झालं. आता तू."

गोदावरीबाई काडीकडे पाहत राहिली. "बावळ्या, ती आता तुही झाली ना!"

चार दुकानं पालथी घालून आणलेली एकुलती एक काडी! अनुपनं कपाळावर हात मारला. "वाया कायले घालवू," म्हणत त्यानं चित्रात होतं तसं केलं आणि थेंब माझ्यावर सोडले. मी माझं काम केलं. एक रेघ आली. थोड्या वेळानं दुसरीही आली. दोन रेघा म्हणजे कोरोना.

"खोटी हाय!" तो ओरडला. "मले ना ताप, ना खोकला!"

ओरडणं ऐकून गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई शकुनबाई आल्या आणि अंगणातूनच मला पाहून म्हणाल्या, "खोटी नाही बापा. तुले काही होत नाही, पण तुह्या हातातून त्या लेकराले होईन. तुम्ही दोघं एकाच घरात. सात दिवस दोघंही घरीच."

त्या गेल्यावर गोदावरीबाई हळूच म्हणाली, "तिकडं आंबागडले कोणालेच माहीत नाही. तोंडाले बांधून जाऊ. दुरून पाहीन, अनुप. एकदाच."

अनुपनं माझ्याकडे पाहिलं आणि दादाबद्दलचा तो प्रश्न मला याच वेळी विचारला. मग स्वतःच मान हलवली.

"त्या पोराच्या बापाले कोणी वेळेवर तपासलं नाही, माय. आता माहीत होऊन कसा जाऊ?"

सवयीनं तो शर्टाकडे गेला, नाक खुपसलं आणि घाबरून मागे झाला. "माय, वास गेला! दादाचा वास गेला!"

वास शर्टातच होता. अनुपचं नाक गेलं होतं. मी नाकाची जाणकार, पण मला सांगता कुठं येतं? गोदावरीबाईनं सांगितलं, "आजारानं जातो म्हणतात. आठ-दहा दिवसांत येईन परत. थांब."

आता मी पिशवीत बांधलेली, कुंपणाला टांगलेली आहे. कचऱ्यात जाण्याआधी एवढंच सांगते. शेजाऱ्यासाठी आणलेली किट कधीतरी स्वतःच्या नाकालाही लावून पाहा.

आज सकाळपासून अनुप अंगणात आहे. त्यानं तीन दगडांवर पाण्यानं भरलेला मोठा गंज ठेवला, खाली जाळ केला, पाणी खळखळ उकळलं. शर्टात त्यानं पुन्हा एकदा नाक खुपसलं, पण वास आला नाही. नाक परत येईपर्यंत थांबायला त्याला कोणाची मनाई नव्हती. पण बारसं उद्या होतं.

त्यानं शर्ट पाण्यात सोडला, काठीनं ढवळला, उन्हात वाळवला. वहिनीचा भाऊ इश्वर शर्ट न्यायला रस्त्यावर गाडी लावून उभा होता. अनुपनं त्याच काठीच्या टोकावर शर्ट धरला आणि कुंपणावरून पलीकडे दिला.