माझ्या अंगावरची पांढरी अक्षरं

मित्रांनो, आजवर तुम्हाला फाटक्या छत्रीने, शाळेच्या घंटेने, झालंच तर रस्त्यावरच्या दगडानेही आपापली कहाणी सांगितली असेल. आज एका वेबसाइटची ऐका. मी जुनी आहे, साधी आहे, बघायला काही फार देखणी नाही. पण त्याचं मला काही वाटत नाही. मला शिसारी येते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही.

माझा जन्म हैदराबादेत विद्यानगरला, कुसुमताई बिरादारांच्या पुढच्या खोलीत झाला. नवं शतक नुकतंच लागलं होतं. हायटेक सिटीत काचेच्या इमारती उठत होत्या, अमीरपेटेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, आणि ज्याला त्याला वाटत होतं की इंटरनेटवर आपलंही काहीतरी असावं. कुसुमताईंना मात्र तसलं काही वाटत नव्हतं. जामबागेतल्या शाळांचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मग त्यांच्या जाऊबाईंना, त्रिवेणीबाईंना, छातीचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये एक बाजू काढून टाकावी लागली. जीव वाचला, पण बाईंनी घराबाहेर पडणंच सोडलं. कुठलं लग्नकार्य आलं की डोकं दुखतंय म्हणून पडून राहायच्या.

कुसुमताईंनी कुणाला न विचारता त्यांच्यासाठी एक ब्लाउज शिवला. आतून मऊ मलमलीचा खिसा, खिशात काढता-घालता येणारी कापसाची गादी, आणि खांदा एकीकडे झुकू नये म्हणून गादीत वजनापुरती मोहरी. तो घालून त्रिवेणीबाई पुतण्याच्या लग्नाला गेल्या आणि पंगतीत वाढायलाही उभ्या राहिल्या. दवाखान्यातल्या एका नर्सच्या कानावर ही गोष्ट गेली, आणि तिच्या सांगण्यावरून बायका विद्यानगरचा पत्ता विचारत येऊ लागल्या.

कुसुमताईंची मुलगी रेणू अमीरपेटेत वेबसाइट बनवायला शिकत होती. तिने मला बनवलं. माझ्यात पानं थोडी, फोटो त्याहून थोडे. एका फोटोत ब्लाउज उलटा करून आतला खिसा दाखवला होता. मराठी मजकूर तिने चित्र करून चिकटवला, कारण तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांची पार खिचडी व्हायची. खाली तेच इंग्रजीत होतं: छातीच्या ऑपरेशननंतर घालायचे ब्लाउज, मापाप्रमाणे, घरी शिवलेले. शेवटी फोन नंबर होता.

आता तुम्ही म्हणाल, वेबसाइट झाली म्हणजे काम झालं. कसलं काय! लोक काही थेट माझ्याकडे येत नाहीत. ते सर्च इंजिनला विचारतात, आणि ते ज्यांची नावं आधी सांगेल तिकडे जातात. पहिल्या पानावर ज्यांची नावं येतात त्यांची चंगळ असते. बाकीच्यांनी वाट बघायची. सर्च इंजिन आपल्याला वाचतं, आपण कशाबद्दल बोलतोय ते पाहतं, आणि मुख्य म्हणजे दुसरं कोण आपलं नाव घेतंय ते बघतं. चांगल्या ठिकाणी कुणी आपला पत्ता दिला की आपला नंबर वर सरकतो. मीही अशीच सरकले. कॅन्सरमधून उठलेल्या बायकांच्या एका मंडळाने त्यांच्या पानावर माझा पत्ता दिला. सिकंदराबादच्या एका डॉक्टरीणबाईंनी दिला. असं करत करत मी दुसऱ्या पानापर्यंत पोचले.

मला जिथे कुणी उघडतं तिथल्या पडद्यातून मला समोरचं दिसतं आणि ऐकूही येतं. त्या दिवसांत माझ्यासमोर बायका बसायच्या. कुणाच्या डोक्यावर केस नसायचे, कुणी पदर घट्ट धरलेला असायचा. त्या खिशाच्या फोटोपाशी थांबायच्या, पुन्हा वर जाऊन वाचायच्या. मग विद्यानगरचा फोन वाजायचा आणि कुसुमताई म्हणायच्या, "हौ अम्मा, बोलो. आपरेशन कब हुआ?" ते माझे खरे चांगले दिवस.

रेणूच्या क्लासमध्ये शिकवायला येणारा सारंग पुण्याचा होता. वेबसाइटींना पहिल्या पानावर आणून देण्याचा धंदा त्याने नुकताच काढला होता. गिऱ्हाइकांना दाखवायला त्याला एक नमुना हवा होता, म्हणून तो एका रविवारी घरी आला आणि चहा पिता पिता मला वर-खाली बघू लागला.

"काकू, दुसऱ्या पानावर असणं म्हणजे नसणंच. मी महिन्याभरात गर्दी लावून दाखवतो," तो म्हणाला.

"गर्दी घेऊन काय करू बाबा? माझे हात दोनच हायत. ज्यांना पायजे त्या येतातच की," कुसुमताई म्हणाल्या.

"मम्मी, उगी राहा ना," रेणू म्हणाली. "सरांना कळतं त्यातलं."

कळतं म्हणे! सारंगने काय केलं, सांगते. लोक सर्च इंजिनमध्ये 'ब्लाउज' या शब्दाला जोडून आणखी काय काय टाइप करतात ते त्याने शोधून काढलं. ते शब्द मी तुमच्यासमोर उच्चारणार नाही. कुणाच्या आई-बहिणीसमोर कुणी उच्चारू नयेत असे ते होते. ते सगळे त्याने माझ्या पानांच्या तळाशी ठासून भरले, पुन्हा पुन्हा, ओळीवर ओळी, आणि पांढऱ्या पानावर अक्षरांचा रंगही पांढराच ठेवला. म्हणजे माणसाला तिथे कोरी जागा दिसावी, पण सर्च इंजिनने मात्र ते वाचावं. वर ज्योतिषाच्या, जुगाराच्या, टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या कुठल्या कुठल्या भिकार वेबसाइटींवर माझा पत्ता चिकटवून दिला. ज्यांच्या शेजारी उभं राहायलाही नको वाटावं ते आता माझी शिफारस करत होते.

मला ओकारी येत होती, पण वेबसाइटला ओकताही येत नाही. जे घातलं ते घेऊन उभं राहायचं. कॅन्सरच्या बाईसाठी लिहिलेल्या चार सरळ ओळी वर, आणि त्यांच्याच खाली तो चिखल.

आणि मी चढले की हो! थेट पहिल्या पानावर, त्यातही वरच्या बाजूला. सारंगने रेणूला फोन करून आकडे सांगितले, रेणूने पेढे आणले. नवीन येणारे पाहुणे कोण होते ते मात्र कुणी बघितलं नाही. ते मी बघत होते. सायबर कॅफेच्या प्लायवूडच्या खोक्यांत बसलेले बाप्ये, पाठीमागे कुणी येत नाही ना ते बघत, ओठ चाटत मला उघडायचे. खिशाचा फोटो दिसला की त्यांची तोंडं वाकडी व्हायची. काही शिवी हासडून निघून जायचे. काही जायच्या आधी फोन नंबर उतरवून घ्यायचे.

पहिला फोन आला तेव्हा कुसुमताईंना वाटलं, कुणा बाईचा नवरा असेल. त्या माणसाने साइज विचारला. "हौ भैया, कौनसी बाजू का आपरेशन है उनका?" असं त्या अगदी मायेने विचारत होत्या, आणि पलीकडे तो आपल्या मित्रांना ऐकवत खिदळत होता. दुसऱ्याने जे विचारलं ते ऐकून त्यांच्या हातातली कात्री खाली पडली. मग रोजचंच झालं ते. फोन वाजला की त्या आधी देवाच्या तसबिरीकडे बघायच्या. रेणूला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पोटच्या पोरीला काय सांगायचं, कोण काय बोललं ते? कॉम्प्युटर फोनशेजारीच होता, रेणू सकाळी मला उघडून ठेवून क्लासला जायची, म्हणून मला सगळं ऐकावं लागे.

त्याच सुमारास निजामाबादच्या एका सायबर कॅफेत दोघं नवरा-बायको माझ्यासमोर येऊन बसली. नवऱ्याचं नाव अंबाजी. बायको सुजाता. सुजाताबाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते आणि त्यांची रजा संपत आली होती.

"सोमवारी हजर व्हायचंय," त्या हळूच म्हणाल्या. "फळ्यावर लिहायला हात वर केला की पोरींच्या नजरा कुठे जातील, मला माहीत आहे. मी नाही जाणार."

"हे बघ तरी, सुजाता. आतून खिसा आहे. कळणारसुद्धा नाही," अंबाजी म्हणाले.

बाई वाकून बघू लागल्या. खिशाच्या फोटोवर त्यांनी पडद्यालाच बोट लावलं. "हे बरंय," म्हणाल्या. "तुम्हीच विचारा. मला नाही बोलता यायचं."

कॅफेच्या मालकाच्या टेबलावर एसटीडीचा फोन होता. अंबाजींनी नंबर फिरवला. विद्यानगरला फोन वाजला आणि मला दोन्ही पडद्यांतून दोन्हीकडचं दिसू लागलं. कुसुमताईंनी तसबिरीकडे बघितलं आणि फोन उचलला.

"हॅलो, ते ब्लाउजचं विचारायचं होतं," अंबाजी म्हणाले. आजूबाजूला पोरं बसली होती. बिचाऱ्या माणसाने संकोचाने आवाज अगदी खाली आणला. "म्हणजे... साइजचं कसं करायचं?"

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं, की ताई, हा तसला नाही. पण माझ्यात जे घातलंय तेवढंच मला दाखवता येतं.

"लाज नाही वाटत मेल्या?" कुसुमताई कडाडल्या. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं त्या एका माणसावर निघालं. "घरात आई-बहीण नाही का तुला? तुझ्या बायकोला विचार जा साइज! परत फोन केलास तर पोलिसात देईन, समजलं का?"

अंबाजी फोन धरून तसेच उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. सुजाताबाईंनी पलीकडचा आवाज ऐकला होता, सगळ्या कॅफेनेच ऐकला होता.

"राहू द्या हो. चला घरी," त्या म्हणाल्या.

हा बाईचा आवाज कुसुमताईंच्या कानावर पडला. त्या पांढऱ्याफटक झाल्या. "ताई? ओ ताई, थांबा," म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. कुणाचा होता, कुठून आला होता, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि माझा काडीचा उपयोग नव्हता.

संध्याकाळी रेणू आली तेव्हा त्या मशीनपाशी नुसत्याच बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. रेणू माझ्या तळाशी गेली आणि कोऱ्या जागेवरून माउस ओढला. तशी निळ्या पट्ट्यात ती पांढरी अक्षरं एकेक करून वर आली.

"काय लिहिलंय गं? वाच की," कुसुमताई म्हणाल्या.

"नको मम्मी," रेणू म्हणाली आणि रडायला लागली.

तिने सारंगला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि उपाय सुचवला. "एवढंच ना? मग साइटवरचा फोन नंबर काढून टाक. बाकी काही हलवू नकोस, रँकिंग जाईल."

माझ्या अंगात घातलेल्या सगळ्या घाणीपेक्षा मला या वाक्याची जास्त किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही. बाईला बाई सापडावी म्हणून मी जन्मले होते. नंबर काढून नुसती वर बसून मी काय करणार होते?

रेणू त्याच्याशी पुढे एक अक्षरही बोलली नाही. सगळी घाण तिने हाताने खरवडून काढली. मग कुसुमताईंनी सांगितलं आणि तिने माझ्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलं: 'एका ताईंच्या घरच्या माणसाला मी फोनवर फार वाईट बोलले. माझी चूक झाली. ताई, तुम्ही या. कुसुम बिरादार.'

पण ते वाचायचं कुणी? सर्च इंजिनला लपवलेल्या अक्षरांचा पत्ता लागला होता आणि त्याने मला पहिल्या पानावरूनच काय, सगळीकडूनच हाकलून दिलं. कुणी माझं नाव टाइप केलं तरी मी सापडत नव्हते. अंग स्वच्छ झालं तेव्हाच मी दिसेनाशी झाले. रेणूने सर्च इंजिनवाल्यांना माफीचं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, पुन्हा पाठवलं. इकडे तो सोमवार आला आणि गेला.

पावसाळा संपून थंडी लागली तेव्हा मला परत घेतलं, तेही पार मागच्या पानावर. मंडळाच्या बायकांनी मात्र माझा पत्ता काढून टाकला नव्हता. त्यांच्याच पानावरून एकदा निजामाबादला कुणीतरी मला उघडलं. समोर सुजाताबाई होत्या, एकट्याच. ती ओळ त्यांनी वाचली. मग उठून स्वतः फोन लावला.

"मी सुजाता बोलतेय, निजामाबादहून. तुम्ही बोललात ते आमचे हे होते. त्यांच्या मनात राग नाही, एवढंच सांगायचं होतं."

"ताई, या हो तुम्ही," कुसुमताई म्हणाल्या. "कधीबी या. आधी तुमचा शिवते."

"आता कशाला? मी शाळा सोडली. घरातच असते. घरात कोण बघतंय मला?"

"तुम्ही बघता ना," कुसुमताई म्हणाल्या.

सुजाताबाईंनी विद्यानगरला कुठल्या बसने यायचं ते विचारलं. त्या आल्या, ब्लाउज घेऊन गेल्या. शाळेत मात्र त्यांची जागा भरली गेली होती, ती काही त्यांना परत मिळाली नाही.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी एखादी बनवेल. तिला वर न्यायचं असेल तर जरूर न्या. जे आहे ते सरळ लिहा, चांगल्या माणसांनी आपणहून तुमचं नाव घ्यावं असं काम करा, आणि त्याला वेळ लागला तर लागू द्या. फक्त तिच्या पोटात असं काही घालू नका जे आईसमोर वाचून दाखवता येणार नाही. तुम्ही गर्दी मोजत बसाल, आणि त्याच गर्दीत एखादं गरजवंत माणूस दारातून परत जाईल. घाण काढायला नंतर तुम्हाला सवड मिळेलही. सुजाताबाईंना फक्त सोमवारपर्यंतची होती.