पहिल्या पेल्याचं उत्तर

मंगळवार, ५ डिसेंबर १९९५. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी खल्फाननं गाडी वाळूच्या कडेला, सुवैलिमच्या झावळ्यांच्या घरासमोर थांबवली. चार पस्तीसला तो तिथून निघाला. चूक झाली ती या पंचवीस मिनिटांत.

गाडीत नॉर्वेचं एक जोडपं होतं, दोघंही निवृत्त शिक्षक. डोंगर दाखवून झाला होता. आज वाळवंट, उद्या समुद्र. सात हिवाळे खल्फान हेच करत आला होता. किल्ल्यात काय सांगायचं, खजुराच्या बागेत काय, सगळं इतकं पाठ होतं की बोलता बोलता त्याला दुसऱ्या गोष्टीचा विचार करता येई. बहुतेक वेळा तो भावाचा विचार करी. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, दोन्ही मुली लग्न होऊन मस्कतला होत्या. घरी गेल्यावर बोलायला कोणी नव्हतं. प्रवाशांशी बोलणं व्हायचं, पण ते पाठांतर.

भाऊ थानी, धाकटा. अकरा वर्षांपूर्वी गाव सोडून समुद्राकाठी कोळ्यांत जाऊन राहिलेला. त्यांच्या डोंगरातल्या गावात पाटाचं पाणी पाळीनं मिळतं, आणि दिवसाची पाळी सावलीवर ठरते. मशिदीच्या अंगणात एक काठी रोवलेली आहे, तिच्या बाजूला दगड मांडलेले. सावली आपल्या दगडाला टेकली की पाणी आपलं. एका सकाळी, सावली दगडाला टेकायच्या आत पाट फोडला म्हणून खल्फाननं थानीला चारचौघांत पाणीचोर म्हटलं. थानी उलट एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो गावात नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत, पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्यानं अंथरुणावरून खल्फानला बोलावणं धाडलं. म्हणाला, "त्या साली पुरानं दगड वाहून गेले होते. मी अंदाजानं परत बसवले. तुमचा चार बोटं सरकला. तुझा भाऊ जुन्या जागेवर सावली बघत होता." तिसऱ्या दिवशी पाटकरी गेला.

मार्चमध्ये, हंगामाच्या शेवटच्या फेरीला, खल्फाननं सुवैलिमपाशी निरोप दिला. सुवैलिम उंटांच्या चाऱ्यासाठी सुकी मासळी आणायला किनाऱ्यावर जायचा, थानी त्याला भेटायचा. निरोप तीन वाक्यांचा होता. मी चुकलो. दगड सरकलेला होता. घरी ये.

त्यानंतर वाळूकडची ही त्याची पहिलीच फेरी.

सुवैलिम घरी नव्हता. त्याची बायको मोझा बाहेर आली, तोंडावर काळा बुरखा, हातात कॉफीचं भांडं.

"ये भाऊ. यंदा पोट आधी आलं, मागून तू."

"एकट्याचा स्वयंपाक, ताई. उरलेलं कोण खाणार? सुवैलिम कुठंय?"

"काल गेला समुद्राकडं. मासळीला. बस ना, उभा काय राहतोस उंटासारखा."

ते चटईवर बसले. नॉर्वेच्या बाईंनी खजूर खाल्ला आणि बी कुठं टाकावी म्हणून इकडंतिकडं बघितलं. मोझानं पहिला पेला भरून खल्फानला दिला आणि रिवाजाप्रमाणं विचारलं.

"तुमच्याकडची बातमी?"

"बातमी नाही. सगळं भलं. तुमच्याकडची?"

"बातमी नाही. सगळं भलं."

पहिल्या पेल्याला उत्तर हेच असतं. घरात मयत झालेलं असलं तरी हेच. पाहुण्यानं खजूर खावा, दोन-तीन पेले घ्यावेत, पेला हलवून पुरे म्हणावं, मग खरं काय ते बोलायचं. खल्फानला हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तरी त्या क्षणी 'बातमी नाही' हे शब्द त्याच्या कानांत पडले, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे थानीनं हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

नॉर्वेचे गृहस्थ उठून उभे राहिले होते. कॅमेरा गळ्यात, बोट सूर्याकडं. मोठी टेकडी इथून वीस मिनिटांवर होती आणि मावळतीला जेमतेम पाऊण तास.

खल्फाननं रिकामा पेला हातात हलवला.

मोझा भांडं तसंच धरून राहिली. "एका पेल्यावर कोण उठतं, भाऊ? दुसरा तर घे."

"सूर्य थांबायचा नाही, ताई."

"सूर्य काय, उद्याही येईल."

"त्यांचा उद्याचा सूर्य समुद्रावर आहे. पैसे भरलेत त्यांनी."

वाकून तिनं त्याच्या हातातून पेला घेतला. जाताना दाराच्या खांबाला टेकवलेली एक काठी खल्फानच्या नजरेस पडली. डोंगरातल्या रानजैतुनाची, मुठीशी गुळगुळीत झालेली. वाळूतल्या माणसांकडं अशी नसते. कोणी वाटसरू विसरला असेल, असं त्याला वाटलं. चार पस्तीसला गाडी निघाली. सूर्यास्त चांगला झाला. बाईंनी त्याचे दोनदा आभार मानले.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ते अश्खराच्या किनाऱ्यावर पोचले. वाळूवर तारली वाळत घातलेली, पावलापावलाला चांदी. जोडपं फोटो काढत लांब गेलं. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत म्हातारा बखीत जाळं दुरुस्त करत बसला होता. खल्फान त्याला तोंडओळखीनं ओळखत होता. दोन वर्षांपूर्वी, 'तुझ्या भावाला तुझ्याशी बोलायचं नाही,' हे त्यानंच सांगितलं होतं.

"सलाम, काका."

"ये रे डोंगऱ्या. बस. गोऱ्यांना मासे मोजायला लावलेस काय?"

किटलीतली कॉफी पातळ होती. बातमी विचारून झाली, बातमी नाही म्हणून झाली. या वेळी खल्फाननं दुसरा पेला घेतला. तिसराही घेतला. मग पेला हलवला आणि वाट बघितली.

बखीतनं सुई जाळ्यात खोचली. "आता मला सांग, भाऊ कसा आहे?"

"कोणाचा?"

"माझा नाही, मला सात बहिणी. तुझा."

"मला कसं ठाऊक असणार, काका? तो इथं, मी तिथं."

"इथं कुठं? त्याला इथून निघून पंचवीस दिवस झाले. सुवैलिमच्या गाडीत मासळीच्या पोत्यांवर बसून गेला. म्हणाला, हिवाळा लागला की माझा भाऊ तिथं येतो. त्याच्या गाडीतून गावी जाईन. दुसऱ्या कोणाच्या नाही."

खल्फाननं आलेल्या वाटेकडं मान वळवली.

"तू त्याच वाटेनं आलास ना?"

"काल होतो तिथं."

"मग? मोझा काही बोलली नाही?"

"बातमी नाही म्हणाली."

"पहिल्या पेल्याला?"

"हो."

"पहिल्याला काय सांगणार ती?" म्हातारा चिडला. "किती पेले घेतलेस?"

खल्फाननं एक बोट वर केलं.

बखीतनं त्याच्याकडं नीट पाहिलं, मग पुन्हा सुई उचलली. दोन टाके घालून म्हणाला, "खोकला होता त्याला. उन्हाळ्यापासून. रात्री आम्हालाही झोप नसायची. आणि एक पाय ओढत चालायचा. काठी होती बापाची, गावाहून येताना आणलेली, तिच्यावर सगळा भार."

"रानजैतुनाची."

"आम्हाला काय, लाकूड ते लाकूड."

जोडपं परत आलं. बाईंनी खल्फानच्या चेहऱ्याकडं पाहून विचारलं, काही झालंय का? ती माणसं भली होती. सांगितलं असतं तर गाडी वळवू दिली असती, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण तोंडातून जे निघालं ते लहानपणापासून वळण पडलेलं.

"काही नाही. सगळं भलं."

संध्याकाळी त्यानं त्यांना कासवांचा किनारा दाखवला. कासवं कुठून येतात, किती अंडी घालतात, ज्या वाळूत जन्मली त्याच वाळूत कशी परततात, सगळं सांगितलं. एक शब्द चुकला नाही.

गुरुवारी सकाळी सूरमध्ये त्यानं जोडप्याला ओळखीच्या चालकाच्या गाडीत बसवून मस्कतला रवाना केलं आणि स्वतः उलटा फिरला. वाऱ्यानं रस्त्यावर वाळू आणली होती. साडेअकराला तो सुवैलिमच्या घरासमोर पोचला.

दार दोरीनं बांधलेलं होतं. चूल विझलेली, राख गार. खांबाजवळ काठी नव्हती. त्यानं हाक मारली, भावाच्या नावानं. अकरा वर्षांत ते नाव त्यानं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. कुंपणापलीकडून एक उंटीण नुसती बघत राहिली.

दारापासून सुवैलिमची गाडी उभी राहते तिथपर्यंतचे ठसे वाऱ्यानं अर्धे पुसले होते. मोझाची पावलं ओळखू आली, सुवैलिमचीही. दोघांच्या मधे वाळू खरवडली गेली होती. पाय ओढत कोणी चाललं की असं होतं. दोघांनी मिळून काही जड उचलून नेलं तरी असंच होतं. काठीचं टोक टेकल्याची खूण त्यानं गुडघ्यावर बसून शोधली. वारा चालूच होता.

टायरांचा माग पश्चिमेला, डांबरी सडकेला जाऊन मिळाला. तिथून पुढं एक फाटा इब्राच्या दवाखान्याकडं जातो, दुसरा डोंगराकडं, त्यांच्या गावाला. डांबरावर माग राहत नाही. फाट्यावरच्या पेट्रोलपंपावर एक माणूस डोक्याचं फडकं तोंडाभोवती गुंडाळून बसला होता. त्यानं खुर्ची पुढं केली, किटली उचलली.

"बातमी?"

"बातमी नाही," खल्फान म्हणाला. पेला घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग हलवला. "सुवैलिमची गाडी दिसली का?"

"सकाळी गेली. सातच्या आत. तो चालवत होता, बायको मागं हौद्यात बसलेली."

"आणखी कोणी?"

"तिच्या मांडीवर डोकं ठेवून एक जण आडवा होता. पांघरूण घेऊन."

"तोंडावरून?"

पंपवाल्यानं जरा आठवून पाहिलं.

"वारा होता, बाबा. तोंड सगळ्यांचंच झाकलेलं होतं."

"कुठल्या फाट्यानं गेली?"

"तेव्हा मी वजूला हातपाय धूत होतो. पाठमोरा होतो."