पन्नास वावांवरचा मासा

शोभेचे मासे विकणाऱ्या शेठनं पाण्यातली टोपली वर ओढली तेव्हा पाणबुड्याची बायको पाठमोरी होऊन माशांच्या पिशव्यांत पाणी भरत होती, म्हणून अडवायला उशीर झाला. बोटीवर ही दोघंच. तिचा नवरा अजून तीन वाव, म्हणजे अठराएक फूट, खाली दोरी धरून लटकला होता. अंगात मुरलेली हवा हळूहळू सुटेपर्यंत, म्हणजे आणखी तासभर, त्याला तिथून हलायची सोय नव्हती. घाईनं वर आलेला पाणबुड्या जन्माचा पांगळा होतो, नाहीतर सरळ मरतो.

"बघा तरी, वहिनी! काय रंग आहे!"

टोपलीत करंगळीएवढा मासा. अर्धा जांभळा, अर्धा पिवळाधमक. पण बघवत होतं कुणाला? पोट फुगून टम्म, डोळे खोबणीबाहेर आणि तोंडातून त्याचंच आतडंबितडं लोंबत होतं.

हा राहतो पन्नास वाव खाली, उजेड जेमतेम पोचतो तिथं. नवरा सांगायचा, कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो पठ्ठ्या, आणि त्याचा रंग तिथं कुणाला धड दिसतसुद्धा नाही. त्याला वर आणायचं तर टोपली दहा वावांवर टांगून एक रात्र थांबायचं. पोटातली हवा आपोआप जिरते. एवढंच! पण शेठला कुठला आलाय दम? त्याला हिच्या सुईचा भरवसा होता ना.

फुगलेल्या पोटात सुई टोचली की हवा फुस्स, आणि मासा पुन्हा टुणटुणीत. दहातले चार आठवड्याभरात आतून सडायचे, तोवर शेठ विकून मोकळा. गरज सरो, मासा मरो. वर हिच्या हाताला यश आहे म्हणून चारचौघांत कौतुक!

"संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे पाहुणे आहेत. मासा काचेच्या टाकीत दिसायलाच हवा. टोचा पटकन."

तिनं सवयीनं सुई उचलली. टोकाला मागच्या माशाचं काहीतरी चिकटून वाळलं होतं. शी! आणि याच हातांनी आपण घास मोडतो. तिला शिसारी आली, शेठची आली त्याहून जास्त स्वतःची. तिनं सुई ठेवून दिली, टोपलीचं झाकण लावलं आणि टोपली पाण्यात सोडली. दोरी सरसर खाली गेली.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं?"

"उद्या सकाळी या."

"उद्या त्याचं काय लोणचं घालू? थांबा, तुमच्या ह्यांनाच बोलावतो वर. तेच समजावतील तुम्हाला."

शेठनं नवऱ्याची दोरी धरली. तीन हिसके म्हणजे 'वर ये', हे त्यालाही पाठ होतं. पहिला हिसका बसला, तशी तिनं झडप घालून त्याचं मनगट आवळलं.

"खबरदार! त्या माशाचं झालं तेच त्याचं होईल. कळतंय का काही?"

शेठ थबकला. दोरी मात्र सोडली नाही. पाण्याकडे बघत त्यानं अगदी मनापासून विचारलं, "मग त्यांना नाही चालत का सुई?"

काठावर वाकून ती भडभडा ओकली, पण त्याचं मनगट काही तिनं सोडलं नाही.